धवलारणीची स्वच्छ बाटली

त्या आठवड्यात आमच्या बाथरूमच्या दाराची बिजागरी झिजून कागदाएवढी पातळ झाली. खोटं वाटत असेल तर बाळकुमला या, दाखवतो.

माझी बायको तुळसा आत जायची, बाहेर यायची, पदर सारखा करायची, दोन पावलं टाकायची आणि पुन्हा आत. मी हॉलमध्ये खुर्चीवर. ती उठली की मी अर्धा उठायचो, ती बसली की मी बसायचो. सून म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय होतंय?" म्हटलं, "मला काय व्हायचंय? मी साथ देतोय."

"उन्हाली लागलीय," तुळसा म्हणाली. लघवीला आग झाली की आम्ही त्याला उन्हाळी लागली म्हणतो, मग ती भर थंडीत का लागेना. त्यावरचं औषधही ठरलेलं. धण्याचं पाणी, सब्जा, शहाळं, आवळ्याचं सरबत. तुळसानं ते सगळं एकदम सुरू केलं. मी मोजलेलं नाही, पण आमच्या बिल्डिंगची टाकी त्या दिवसांत लवकर रिकामी होत होती आणि वॉचमन माझ्याकडेच बघायचा.

एरवी मी यावर एक गोष्ट रचून कट्ट्यावर चार लोकांना हसवली असती. पण घरात लग्न होतं. आमची नात कल्पिता, तिची हळद तोंडावर आलेली. नवरा मुलगा कोपर गावचा. आणि आम्हा आगऱ्यांमध्ये हळदीला बसायचं म्हणजे धवलारीण लागते. ती म्हातारी बाई धवले गाते, देवांना आणि गेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात बोलावते, आणि तिच्या गाण्याच्या मागे मागे एकेक विधी होतो. तिचं गाणं थांबलं तर हळद थांबते. तुळसा आमच्या पट्ट्यातली मोठी धवलारीण. बाळकुम ते दिवा, अर्ध्या लोकांची लग्नं तिच्या गळ्यातून गेलीत. एकदा तर तिनं गाऊन गाऊन खाडीची भरती थांबवलेली, पण ते राहू दे.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. पोटात खाली दुखायला लागलं. आणि संध्याकाळी, बायका सरावाला जमल्या तेव्हा, ती गाता गाता कल्पिताच्या नावाच्या जागी आपल्या बहिणीचं नाव घेऊन बसली. बहीण जाऊन कितीतरी वर्षं झालेली. बायका गप्प झाल्या. तुळसा त्यांच्याकडे बघते आणि म्हणते, "गप कनाला झालाव? वऱ्हाड आलाय ना दारान!"

दारात इस्त्रीवाला उभा होता.

मग तिनं आमच्या मुलाला, प्रितमला, आपल्या भावाच्या नावानं हाक मारली. चहात मीठ टाकलं. ते मी निमूटपणे प्यायलो, पण प्रितम प्यायला नाही.

"आईचं डोकं जायला लागलंय, बाबा," तो मला बाल्कनीत म्हणाला.

"तिला ताप आहे रे."

"ताप सगळ्यांना येतो. सगळे मेलेल्या मावशीचं लग्न लावत नाहीत."

तरी पोरगा वाईट नाही. तो आम्हा दोघांना खाली लॅबमध्ये घेऊन गेला. म्हणाला, लघवी तपासू, इन्फेक्शन असेल तर लगेच कळतं, पट्टी बुडवली की रंग येतो. डॉक्टरला नंतर दाखवू. त्या लॅबमध्ये नमुने घ्यायला नयन बसते. नयन म्हणजे आमच्याच आळीतल्या रतनची सून. ते तुळसानं बघितलं आणि तिचे पाय दारातच अडले.

"हिच्या हातान देऊ?"

"मग कुणाच्या हातात देणार, आई?"

"परत येते," ती म्हणाली आणि रिकामी बाटली घेऊन लिफ्टकडे वळली. घरी जाऊन तिनं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. तांब्यावर तांब्या पाणी. त्यावर आवळ्याचं सरबत, त्यावर शहाळं. थोड्या वेळानं आत, बाहेर, पुन्हा पाणी. शेवटी एकदा बाहेर आली ती विजयी चेहऱ्यानं. बाटली उजेडाकडे धरून मला दाखवली. आरपार दिसत होतं! पलीकडचा टॉवर दिसला, त्याच्या बाल्कनीत वाळत घातलेले पापड दिसले.

"आता दे तिला," म्हणाली. "हल्दीन उद्या कोनाला सांगल ना, तर चांगलाच सांगल."

खाली गेल्यावर तिला एकटीला लाज वाटू नये म्हणून मीही एक बाटली भरून दिली. म्हटलं, नयन, दोघांचं बघ, जोडीनं. नयन हसली. प्रितमनं कपाळाला हात लावला.

रिपोर्ट पटकन आला. तुळसाचं सगळं निगेटिव्ह. माझं पॉझिटिव्ह.

म्हणजे बघा. जी बाई भिंत धरून चालत होती, दात आवळून लघवीला जात होती, ती ठणठणीत. आणि मी, जो सकाळी जिन्यानं सात मजले चढून आलेलो (बरं, दोन), तो आजारी. प्रितमनं केमिस्टकडून माझ्यासाठी गोळ्या आणल्या आणि आईसाठी ठाण्यात मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली. ती वेळ हळदीच्या नंतरची होती. मग त्यानं दिव्याच्या गोदाला फोन लावला.

गोदा म्हणजे दुसरी धवलारीण. आवाज चांगला, पण नावं खाते. एका लग्नात नवऱ्या मुलाचा आजाच गाळला तिनं, तेव्हापासून ते दोन घरांचं बोलणं बंद आहे.

"गोदामावशी येईल," प्रितम फोन ठेवून म्हणाला. "आई नुसती बसेल बाजूला."

तुळसा दारात उभी होती. तिनं ऐकलं. तापानं डोळे लाल, पण हे तिला बरोबर कळलं. आत गेली. बाहेर आली. पुन्हा आत गेली.

"प्रितम, ती पट्टी खोटी आहे," मी म्हटलं.

"बाबा, पट्टी मशीनसारखी असते. ती तुमच्यासारखी गोष्टी सांगत नाही."

"मला काही होत नाही आणि तिला सगळं होतंय. उलटं झालंय."

"बाटल्या बदलल्या म्हणता?"

"बदलल्या नाहीत. मी नीट बघून दिल्या."

"म्हणजे तुम्हालाच माहीत नाही काय म्हणायचंय ते." त्यानं माझ्या हातात गोळी दिली. "ही घ्या आणि शांत बसा."

मी शांत बसलो नाही. हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. टीव्ही लावला, बंद केला. गोळीकडे बघितलं. एक विचार आला की ही गोळी तुळसालाच देऊन टाकावी, नाहीतरी ज्याची त्याला गेली असती. पाणी हातात घेतलं. पाणी ठेवलं. मग चप्पल घातली आणि निघालो.

नाक्यावर डॉक्टर रचना बसतात. कल्याणची मुलगी, बापानं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून तिला डॉक्टर केलंय. बोलते कमी, ऐकते जास्त. म्हणून तर माझ्यासारख्यांना आवडते. पण माझ्या गोष्टी तिनं आधीही ऐकलेल्या होत्या, तीच पंचाईत होती.

"या आजोबा. आज काय, मगर की वाघ?"

"आज बायको," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. आग, ताप, बहिणीचं नाव, चहातलं मीठ, पट्टी. ती लिहीत होती. पट्टीचं सांगताना मात्र माझी छाती जरा फुगलीच. म्हटलं, "आणि डॉक्टर, एक सांगतो, एवढी स्वच्छ लघवी या बाळकुममध्ये आजवर कुणी दिलेली नाही. तांब्यावर तांब्या पाणी, वर आवळ्याचं सरबत, वर शहाळं. थोड्या थोड्या वेळानं आत बाहेर, आत बाहेर. बाटलीतून पलीकडचे पापड दिसत होते!"

तिचं पेन थांबलं.

"आजोबा, यातलं खरं किती?"

"सगळं."

"नेहमीचं सगळं की खरंखुरं सगळं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला घाम फुटला. मगरीच्या पोटातून मी चप्पल काढून आणली हे लोकांनी मानलं, आणि बायकोनं पाणी प्यायलं हे कोणी मानायला तयार नाही.

"कल्पिताच्या हळदीची शपथ," मी म्हटलं. "पापडसुद्धा खरे. उडदाचे होते."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलली. "मग तसंच झालंय. आजोबा, त्या पट्टीवर एक चौकोन असतो, तो जंतूंनी लघवीत केलेला बदल ओळखतो. पण तो बदल करायला जंतूंना वेळ लागतो. लघवी काही तास आत साठलेली हवी. आजींनी तर धुऊन धुऊन बाहेर काढली. जंतूंना पाय टेकायला जागा नाही. वर पाणी इतकं की जे होतं तेही पातळ झालं. आणि आवळ्यातलं व्हिटॅमिन सी पट्टीचा रंगच दाबतं."

मी ऐकत होतो आणि मला एकदम हसू आलं. म्हटलं, "डॉक्टर, हे तर मीठ झालं."

"काय?"

"मिठागर. खाडीचं पाणी वाफ्यात कोंडायचं, दार बंद करायचं, आणि थांबायचं. उन्हात पाणी आटतं, मग मीठ धरतं. दार लवकर उघडलं तर मीठ नाही. वरून गोडं पाणी पडलं तरी मीठ नाही. मग तिथं कितीही चाखून बघा, खारट लागणारच नाही. पण म्हणून खाडी गोडी झाली का?"

"नाही झाली," ती म्हणाली. "आग आहे, ताप आहे, पोटात दुखतंय, त्यात अचानक भ्रम. पट्टी नाही म्हणाली म्हणून मी सोडणार नव्हतेच. आजींना आत्ता घेऊन या. आणि तुमचं काय? जळजळ? ताप?"

"काही नाही. पण मी पॉझिटिव्ह आहे. गोळ्या आहेत खिशात. म्हटलं तिलाच—"

"द्या इकडे." तिनं गोळ्या काढून ड्रॉवरमध्ये टाकल्या. आवाज चढला. "दुसऱ्याची गोळी दिली असती तर पुढची तपासणी बिघडली असती, आणि त्यांना ती चालते की नाही कुणाला माहीत! तुम्हाला औषध नको. या वयात काहींच्या लघवीत जंतू नुसते राहतात. त्रास देत नाहीत."

"भाडेकरूसारखे?"

"भाडेकरूसारखे. भांडण नसताना पोलिसांना बोलवायचं नाही."

आमच्या जुन्या चाळीत चौदा भाडेकरू होते, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

तुळसाला आणलं तेव्हा दुपार होती. डॉक्टरनं तपासलं, पाठीवर हलकं ठोकून बघितलं, ताप पाहिला. म्हणाली, "आजी, आता पाणी, सरबत काही नको, थोडाच वेळ. जमेल तेवढी थांबवा. फार झालं तर सांगा, जबरदस्ती नाही. आज नमुना घेतला की मी लगेच औषध सुरू करते."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. तुळसा मांडीवर मांडी आवळून. मी तिच्या शेजारी. पंखा गरगरत होता. समोर एक बाई खोकत होती, एक माणूस पाय पट्ट्यांत बांधून बसलेला. तुळसा उठली. मी हात धरला. बसली. पुन्हा उठली.

"मना जावाचा हाय."

"जरा थांब गो. जरासं."

"आग लागलीय तिकरं, नि तुमी जरासा बोलताव!"

म्हटलं, हिचं मन दुसरीकडे न्यावं. तेवढंच तर मला येतं. सुरू केलं, "तुला त्या चिंबोऱ्याचं सांगितलेलं का? खाडीतला, डाव्या नांगीत होडी धरून—"

"होडी नव्हती, पाटी होती," ती म्हणाली आणि तिला हसू यायला लागलं. पट्टीवाला माणूस पुढे सरकला. "मग?" तो म्हणाला.

"मग त्यानं होडी कोळ्याला परत दिली आणि वर भाडं मागितलं—"

तुळसाच्या पोटात हसू उसळलं आणि तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो वळ अजून आहे. "हसवू नको मेल्या! हसले तर इथंच व्हल!"

माझं हत्यारच गेलं. माझ्याकडे हसवण्याशिवाय दुसरं काय होतं? बाकावर मी वळवळलो. पट्टीवाला म्हणाला, "भाडं किती मागितलं?" म्हटलं, "भाऊ, तुम्ही तुमचा पाय बघा."

मग मी तिला जे आहे ते सांगायला लागलो. न हसवणारं, साधं. आमचं मिठागर. पहाटेची भरती. खाडीच्या तोंडाला जे लाकडी दार असतं, आम्ही त्याला उघाडी म्हणायचो, ते वर उचलून पाणी आत घ्यायचं. मग दार टाकायचं. मग वाट बघत बांधावर बसायचं. तुळसा लग्न होऊन आली तेव्हा तिनं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्यात. पायाला भेगा पडायच्या, त्यात खारट पाणी. हे मी कधी कुणाला सांगत नाही, यात गंमत नाही काही.

तुळसाचे डोळे पंख्याकडे लागलेले, पण पंखा ती बघत नव्हती. तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला.

"पानी घेतला आत?" तिनं विचारलं.

"घेतलं."

"दार टाकलाव?"

"टाकलं गो."

"उघरू नको," ती म्हणाली. "मीठ धरला नाय अजून. सासरा ओरडल."

माझा बाप कधीचा गेलेला. मी "हो" म्हटलं. समोरची बाई खोकायची थांबली होती. तुळसा ताठ बसली, पाय जमिनीवर रोवून, जशी बांधावर बसायची. कपाळावर घाम. अधूनमधून म्हणायची, "उघरू नको हं." मी म्हणायचो, "नाही उघडत." मीही मांडीवर मांडी आवळून बसलेलो. किती वेळ बसलो सांगता येणार नाही. मी सांगितलं तर तुम्ही मानणार नाही, म्हणून राहू दे.

शेवटी तिनंच मान हलवली. "धरला," म्हणाली. "आता उघर."

डॉक्टरनं नयनला बोलावून घेतलेलं. कसं पुसायचं, सुरुवातीची धार सोडून मधली कशी घ्यायची, ते नयननं तिला आत समजावलं. तुळसा बाहेर आली ती बाटली पदराआड लपवून.

"अवो, ही नको," ती मला कुजबुजली. आत्ता पुन्हा आमच्या आजच्या जगात आली होती. "बघा ना कशी गढूल हाय. वास मारतंय. रतनची सून काय बोलल?"

"आज्जी, द्या हो," नयन म्हणाली. "माझ्या सासूची याच्याहून घाण असते. आणि हे मी कुणाला सांगत नाही, आता तुम्हाला सांगितलं."

तुळसानं पदर सोडला.

पट्टी डॉक्टरनं माझ्यासमोर बुडवली. मी घड्याळाकडे, पट्टीकडे, घड्याळाकडे. एक चौकोन गुलाबी झाला. त्याच्या बाजूचा जांभळा.

"बघितलंत?" मी ओरडलो. "धरलं मीठ!"

"बघितलं. पण आजोबा, या पट्टीनं आज पुन्हा नाही म्हटलं असतं तरी मी औषध दिलंच असतं. पट्टी साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. कोणता जंतू ते कल्चरमध्ये कळेल, त्याला दोनतीन दिवस लागतील. तोवर ताप चढला, उलट्या झाल्या किंवा लघवी कमी झाली तर थेट हॉस्पिटल. आणि डोकं ताळ्यावर येईल की नाही, याची मी आज गॅरंटी देत नाही. वाट बघायची."

पुन्हा वाट बघायची!

प्रितम तोवर धावत आलेला. "आईला कुठं घेऊन फिरताय उन्हात?" मग त्यानं पट्टी पाहिली. माझ्याकडे पाहिलं. "हे तुमचं नाही ना?"

"विचार डॉक्टरला."

त्यानं विचारलं. डॉक्टरनं सगळं पुन्हा सांगितलं, पापडांसकट. तो आईजवळ जाऊन बसला. पण गोदाला त्यानं नको म्हटलं नाही. म्हणाला, "आई बरी झाली तर बघू."

ते पुढचे दिवस मी कसे काढले, विचारू नका. तुळसा झोपली की मी तिचा श्वास ऐकायचो. उठली की विचारायचो, "मी कोण?" ती म्हणायची, "खोटारडा." मला बरं वाटायचं. मग वाटायचं, हे तर ती तापातही म्हणाली असती. ताप उतरला, आग कमी झाली. कल्चरमध्ये जंतू निघाला आणि औषध बरोबर होतं. पण बहिणीचं नाव? ते पुन्हा आलं नाही, पण धवले तरी कुठं पुन्हा गायली होती? गायला सांगायची कुणाची हिंमत नव्हती. माझीही नव्हती.

हळदीच्या दिवशी मांडव भरला. कोपरची माणसं आली. दिव्याहून गोदा आली, हिरवी नऊवारी, नाकात नथ, गळा खाकरत. पाटावर कल्पिता बसली. गोदानं तोंड उघडायच्या आत तुळसा पुढे येऊन बसली. अशक्त होती, सुनेनं धरून बसवली. प्रितम काही बोलायला गेला, मी त्याचा सदरा मागून ओढला.

तिनं सुरू केलं. आवाज बारीक, पण सरळ. देव आले, गावदेवी आली, आमचा बाप आला, आई आली. मी प्रत्येक नावाला खुर्चीच्या कडेवर पुढे सरकत होतो. कोपरच्या घराची नावं, तीही आली, त्यांचा पणजासुद्धा. मग कल्पिता म्हणायची जागा. आणि तुळसा थांबली. नावाचं पहिलं अक्षर ओठावर, आणि थांबली.

मांडवात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गोदानं छाती भरून श्वास घेतला. प्रितमचे डोळे माझ्यावर. मला उभंही राहता येईना, बसताही येईना.

तुळसानं तळहात वर केला.

"गोदे, थांब. मना जाऊन येवं दे."

आणि उठून गेली. हळदीचं ताट धरलेली बाई तशीच उभी. आतून नळाचा आवाज आला. मग दार. मग पावलं, सावकाश. ती आली, पदर सारखा केला, पाटासमोर बसली, नातीच्या तोंडाकडे बघितलं आणि सोडलेल्या अक्षरावरून पुढचं नाव पूर्ण केलं. कल्पिता. सूरसुद्धा जिथं सोडलेला तिथलाच.

गोदाच्या छातीतला श्वास तसाच राहिला. बायकांनी हळद उचलली. मी खुर्चीत मागे सरकलो आणि टेकून बसलो.